खाल्लेलं अंगी लागलं नाही

आई, परवा डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाच्या अंगठ्यावर एक लोखंडी दुबेळकं, गलोलीच्या बेचकीसारखं, टेकवलं. आधी ते तळहातावर आपटून मनगटाच्या हाडावर ठेवलं, तेव्हा आत माशी अडकल्यासारखी गुणगुण झाली, ती मला कळली. मग अंगठ्यावर. "काकू, थरथर जाणवतेय का?" मी म्हणाले, "सुरू केलंत का?" त्यांनी दुसऱ्या पायावर ठेवलं, तिथंही काही नाही. "चालताना कसं वाटतं?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पायाखाली कापूस पसरल्यागत वाटतं." हे वाक्य माझं नाही. तुझं आहे. माझ्या रबाळ्याच्या घरात, बाथरूमच्या दाराला धरून उभी राहून तू हेच म्हणाली होतीस, आणि मी गॅसवरून मान न वळवता हसत म्हणाले होते, "बरं आहे की मग, गादीवरून चालल्यासारखं." तुला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हे लिहायला घेतल्यापासून तिसऱ्यांदा उठलेय. एकदा डाळ भिजत घालायची राहिली म्हणून, एकदा गॅलरीतले कपडे वाळले का बघायला, आणि एकदा नुसतीच, दारापर्यंत जाऊन परत. पाय झिणझिणतात हे निमित्त आहे. झिणझिण्या सहा महिने झाले आहेत, त्यांनी मला असं कधी उठवलं नव्हतं. मला डॉक्टरीणबाईंनी नंतर जे सांगितलं ते बसू देत नाही. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. लोहही कमी आहे. खाणं कसं आहे तुमचं?" मला रागच आला. एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करून माझा जन्म गेला, आणि मला विचारतात खाणं कसं आहे! मी म्हणाले, "दूध, अंडी, बुधवार-रविवार मटण नाहीतर मासे. आमच्या घरात खाण्याला कमी नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. वय झालं की बऱ्याच जणांच्या पोटाचं अस्तर पातळ होतं, आम्ल कमी तयार होतं. अंड्या-मटणातलं हे जीवनसत्त्व त्या आम्लाशिवाय सुटंच होत नाही. पोटात जातं आणि तसंच पुढे निघून जातं. पित्ताची गोळी घेता का?" घेते, म्हटलं. नऊ वर्षं, रोज सकाळी, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून. "त्या गोळीनं उरलंसुरलं आम्लही कमी होतं. आणि जेवणावर लगेच चहा? तोही लोह अंगी लागू देत नाही." तुझ्या पिशवीत हीच गोळी असायची, आई. चांदीसारख्या पाकिटातली. आणि शेवटचा घास गिळायच्या आत तुला चहा लागायचा.

तू कसं खायचीस ते मला ठाऊक आहे ना, म्हणून तर सगळं अवघड. बाजार मुंबईहून वाशीला आला तेव्हा आपणही खाडी ओलांडून कोपरखैरण्याच्या माथाडींच्या बैठ्या घरात आलो. बाबा कांद्याच्या गोण्या पाठीवर घ्यायचे, तू गाळ्यासमोर कांदा निवडायला बसायचीस, आणि लग्नाआधीची दोन वर्षं मीही तुझ्या शेजारी बसायचे. दुपारी तू फडकं सोडतेस. दोन भाकरी, झुणका, आणि निवडीतलाच एक कांदा बुक्कीनं फोडलेला. तू जेवतेस तेव्हा आजूबाजूच्या बायका बघत राहतात, इतकं मन लावून. मी अर्धी भाकरी परत फडक्यात ठेवते तर तू माझं मनगट धरतेस. "पाखरागत टिपू नगंस. खाल्ल्यालं अंगाला लागाय पायजे, न्हायतर गोणी काय तुजा बा एकटाच उचलनार हाय?" आणि मग जेवण झाल्यावर अर्धी भरलेली गोणी तू स्वतः ओढत नेतेस, कुणाला हाक न मारता. त्या बाईचं कधी काळी वजन उतरेल आणि ते खाऊनही उतरेल, हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तुला तसं पाहिलं होतं म्हणूनच मला एकच कारण सुचलं. ती रोडावली, म्हणजे तिला कुणी देत नाही.

बाबा गेल्यावर तू दादाकडे वाशीला राहायला गेलीस. दादा न्हावा शेव्याला मालाच्या कागदपत्रांच्या ऑफिसात, सकाळी आठला बाहेर तो सातशिवाय घरी नाही. दिवसभर तू आणि वहिनी. पहिली दोन वर्षं चांगली गेली. मग दर भेटीत तू थोडी कमी. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ब्लाऊज खांद्यावरून उतरायचा. तिखट नको म्हणायला लागलीस, जीभ सोलल्यागत झालीय म्हणायचीस. चपला पायातून निसटून मागे राहायच्या आणि तू तशीच चार पावलं पुढे. मी दर वेळी वहिनीकडे बघायचे. बोलत नव्हते, बघायचे. ती नजर तिला कळत असणारच.

आणि ती दुपार. मी डबे उरकून तुझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आले होते. वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. तू पलंगावरून माझा पदर ओढलास आणि हळूच म्हणालीस, "सकाळधरनं काय बी पोटात न्हाय गं माझ्या." माझ्या डोक्यात असा जाळ झाला! मी तिथूनच ओरडले, "वहिनी! आईला जेवायला कधी देणार आहात?" ती धावत बाहेर आली. "वन्सं, आत्ताच जेवल्यात त्या. वरणभात, अंड्याची पोळी. ताट बघा, सिंकमध्येच आहे अजून." मी काय म्हणाले ते तुला आठवतंय का? मला आठवतंय. मी म्हणाले, "ताट कुणाचंही असेल." मग तिनं तुझ्याकडे बघितलं, तू काहीतरी बोलशील म्हणून. तू भिंतीकडे तोंड केलंस. त्या दिवसापासून मी तुझ्यावर एवढ्यासाठी मनातून चिडलेली होते, की तू खरं-खोटं काही तरी ठाम का बोलली नाहीस. आता वाटतं, तुला ते जेवण खरंच आठवत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्या कमतरतेनं कधी कधी विसरायलाही होतं. मी त्यांना सरळ विचारलं, "माझ्या आईला हेच झालं होतं का?" त्या म्हणाल्या, "न तपासता आता कसं सांगू, काकू? वजन उतरायला दुसरीही कारणं असतात. पण तुम्ही सांगताय त्यावरून, असू शकतं." असू शकतं. एवढंच. यापेक्षा जास्त आता कुणीच सांगू शकणार नाही.

त्याच दिवशी मी तुला रिक्षात घातलं आणि रबाळ्याला आणलं. जिन्यात मुद्दाम मोठ्यानं बोलले, सोसायटीला ऐकू जावं म्हणून. "दोन महिन्यांत अंगावर मांस चढवून दाखवते!" वहिनी पिशवी घेऊन मागं मागं उतरत होती. सांगत होती, "तिखट अजिबात देऊ नका, त्यांची जीभ झोंबते. थोडं थोडं द्या. रात्री बाथरूमला एकट्या सोडू नका." मी पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली. तिचं ऐकून काय घ्यायचं, असं वाटलं मला.

मग मी तुला खायला घातलं. देवाशपथ, घातलं. पायाचं सूप, तुपात भिजलेला शिरा, दोन वेळा दूध, उकडलेली अंडी, वाटणातलं मटण. माझ्याकडे डबा लावला की महिन्याभरात पट्टा सैल करावा लागतो, असं कंपनीतली माणसं म्हणायची. त्याची मला घमेंड होती. तू खायचीस. डोळ्यांत पाणी आणून खायचीस, मला वाटायचं माया दाटून आली. जीभ पेटत असणार गं तुझी. आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तुला खालच्या गिरणीतल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं होतं, एक्केचाळीस किलो. तिसऱ्या आठवड्यात परत नेलं, दादाला आकडा सांगायचा म्हणून, मोठ्या हौसेनं. एकोणचाळीस. मी गिरणीवाल्याला म्हटलं काटा बिघडलाय तुझा. तो म्हणाला, "ताई, काट्यात काय फॉल्ट नाय, आत्ताच गहू तोललाय. मावशींनाच परत उभं करा." परत केलं. एकोणचाळीस. तू त्या काट्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होतीस, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी. म्हणालीस, "मी खाती की गं समदं."

त्याच आठवड्यात समोरच्या घरातली बाई वाटीभर खीर घेऊन दारात आली. जरा अवघडून म्हणाली, "काकू म्हणाल्या सकाळपासून उपाशी आहेत. तुम्ही कामात असता ना, म्हणून आणली." मी तुला तासापूर्वी भरवलं होतं. स्वतःच्या हातानं. दार लावलं आणि तुझ्यावर तुटून पडले. "मला बदनाम करतेस? सगळी माणसं सोडून माझी राखरांगोळी करतेस? काय कमी केलं मी तुला?" तू पलंगाच्या कडेला बसून हाताचे पंजे उलटे-सुलटे करून बघत होतीस, जणू त्यांनीच काही चोरलं होतं. त्या क्षणी मला कळलं होतं, आई. वहिनी खरं बोलत होती. ते ताट तुझंच होतं. वहिनीच्या घरात जे होत होतं तेच माझ्या घरात होत होतं, आणि त्यात ना तिचा दोष होता ना माझा. कळायला डॉक्टर लागले नाहीत, बी-ट्वेल्व्हचं नाव लागलं नाही. फक्त का, ते माहीत नव्हतं. आणि "का" माहीत नाही म्हणून मी स्वतःला सूट दिली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "कशी आहे आई?" मी म्हणाले, "तीन किलो वाढली. चव्वेचाळीस भरली काट्यावर." पलीकडून तो मग म्हणाला, "बरं झालं, तू नेलंस ते." मी फोन ठेवला. मी एवढ्या सहज कशी बोलले, हे मला आजही कळत नाही. जिन्यात सगळ्यांना ऐकवून आले होते ना. तोंडावर पडायचं नव्हतं. नंतर मी तुला डॉक्टरकडे नेलंही नाही, आज-उद्या करत राहिले, कारण डॉक्टर वजन करतात आणि दादा चिठ्ठी बघायला मागतो. हे मी पहिल्यांदा लिहितेय. लिहून परत उठले. पाणी प्यायले. आता बसलेय.

दोन महिने भरायच्या आत तू बाथरूममध्ये पडलीस. खुब्याचं हाड मोडलं. मी डबे भरत होते, दहा मिनिटांचा प्रश्न होता. मग वाशीचं हॉस्पिटल, छातीत कफ, ताप, आणि बाराव्या दिवशी तू गेलीस. वहिनी रोज यायची. तुझे पाय चोळायची, बाहेर बाकावर बसायची, माझ्याशी बोलायची नाही. तुझ्या दहाव्याला साताऱ्याहून मावशी आली होती. भरल्या घरात, वहिनीच्या तोंडावर ती म्हणाली, "शेवटाला लेकीकडं तरी चार घास पोटभर मिळालं माझ्या बहिणीला. तेवढंच पुण्य." वहिनी पंगतीला भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण डाव वाकडा झाला आणि भात खाली सांडला. मी तिथंच बसलेली. पुढ्यातल्या पानावरचं मीठ बोटानं सारखं करत राहिले. त्यानंतर दादाचं आणि माझं लग्नाकार्यापुरतं राहिलं. वहिनी मला "या, बसा" म्हणायची. त्यापुढं कधी काही नाही.

काल सकाळी मी वाशीला गेले. फोन केला नाही, केला असता तर गेले नसते. दार वहिनीनंच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत तिचे. "वन्सं? असं अचानक? हे बँकेत गेलेत." मी म्हणाले, "तुमच्याकडेच आलेय." ती दोन पावलं मागं सरली. मी चपला काढताना भिंतीला धरलं तर तिनं पटकन कोपर धरलं माझं. मी बसल्या बसल्या रिपोर्ट काढला आणि सगळं भडाभडा सांगत सुटले. पोटाचं अस्तर, आम्ल, पित्ताची गोळी, चहा, विसरणं. कापसाचंही सांगितलं. म्हणाले, "वहिनी, आईचंही असंच असेल. तुम्ही देत होतात, ते तिच्या पोटात जात होतं. लागत नव्हतं." ती टेबलावरचं प्लास्टिक हातानं पुसत होती, स्वच्छ होतं तरी. मग म्हणाली, "मी त्यांचं ताट घासायची नाही दुपारी. माहितीये? हे संध्याकाळी घरी आले की यांना दाखवायला मी ठेवायचे. बघा, एवढं खाल्लं आईंनी. वर्षभर ठेवलं. उष्टं ताट, माशा बसायच्या. मलाच माझी किळस यायची, पण दुसरा साक्षीदार कुठून आणू?" मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "जाऊ दे. आपल्याला तरी कुठं माहीत होतं हे सगळं? तुम्हाला तेव्हा माहीत असतं तर तुम्ही असं बोलला नसतात." किती सरळ बोलली ती. मी मान हलवली. इतकंच मला जमलं, मान हलवायला.

चहा ठेवला तिनं. मग म्हणाली, "नको, तुम्हाला चहा नको ना आता," आणि ताक आणलं. समोर बसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एक मात्र मला कधी उमजलं नाही, वन्सं. तुमच्याकडे त्या तीन किलो कशा वाढल्या? अंगी लागत नव्हतं म्हणता. मग तुमच्याकडे कसं लागलं? सोळा वर्षं मी हाच विचार करते. माझ्या हाताचं काय चुकत होतं? तूप कमी घालायचे का, भात जास्त शिजवायचे का. यांचं ताटही नंतर मी मोजून मोजून वाढायचे." आई, तिनं विचारलं. सरळ तोंडावर विचारलं. माझ्यासमोर दार उघडं होतं, नुसता उंबरा ओलांडायचा होता. आणि मी काय म्हणाले? "सूज असेल, वहिनी. अंगाला पाणी चढलं असेल." ती मग म्हणाली, "असेल. पण तुमच्या हातालाही चव आहेच. चार दिवस का होईना, त्यांना बरं वाटलं असेल." ताकाचा पेला माझ्या हातात होता, तो संपवून मी उठले.

निघताना तिनं विचारलं, "इंजेक्शन कधी आहे?" गुरुवारी, म्हटलं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यानं. पोटाला वळसा घालून थेट जातं ते, म्हणजे अंगी लागतं. पित्ताची गोळीही डॉक्टरीणबाई बेतानं कमी करणार आहेत, एकदम बंद नको म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "एकट्या जाऊ नका. पाय असे, आणि रस्त्यात सगळं खणून ठेवलंय. मी येते रबाळ्याला." मी नको म्हणाले. ती म्हणाली, "मी आईंना एकटं सोडू नका म्हणाले होते तेव्हाही तुम्ही ऐकलं नाही." टोमणा नव्हता तो. काळजीनंच बोलली. म्हणून जास्त लागला.

तर गुरुवारी ती येणार आहे, माझं कोपर धरून चालणार आहे, आणि त्या सगळ्या वेळात तो काटा माझ्या तोंडात असणार आहे. एकोणचाळीस. दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? "वाढली नव्हती." झालं. तिच्या सोळा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच आहे, आणि ते फक्त माझ्याकडे आहे. दादाकडे नाही, डॉक्टरकडे नाही, गिरणीवाल्याला तर तो आकडा आठवायचं कारणच नाही. तुझ्याकडे होतं, तू घेऊन गेलीस. मी चौसष्टची आहे. उद्या मलाच विसरायला झालं, तर ते उत्तर जगात कुठंच राहणार नाही. हा विचार आला की परत उठून उभी राहते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. पण एक कबूल करते. तुला लिहावं असं मला आधी वाटलं नव्हतं. काल दुपारी वाशीहून परत आल्यावर मी एका कोऱ्या कागदावर "वहिनी" असं लिहिलं होतं. तासभर त्यापुढं एक अक्षर उतरलं नाही. मग तो कागद घडी करून ठेवला आणि आज तुला लिहायला घेतलं. तू सोपी होतीस.